ग्रीन टीची कॅप्सूल आणि रक्ताचा कर्करोग

रक्ताचा कर्करोग झाल्याचं कळलं की घरात औषधांच्या दोन याद्या तयार होतात. पहिली डॉक्टरांनी फाइलवर लिहिलेली. दुसरी कुठेच लिहिलेली नसते. ती काका, मावशी, शेजारी आणि व्हॉट्सॲप मिळून बनवतात. गव्हांकुराचा रस, प्लेटलेट्स वाढाव्यात म्हणून पपईच्या पानांचा रस, गुळवेल, हळद आणि गेल्या काही वर्षांत ग्रीन टी. यातल्या ग्रीन टीबद्दल तर कुणाला शंकाही येत नाही. चहाच तो, त्यात दूध नाही, साखर नाही, मग बिघडणार काय?

ल्युकेमिया, लिम्फोमा किंवा मायलोमा झालेल्यांना आणि त्यांना सांभाळणाऱ्यांना मला मुख्यतः एकच सांगायचं आहे. कपातला ग्रीन टी हे पेय आहे, कॅप्सूलमधला ग्रीन टी हे औषध आहे. पेयाचं फारसं भय बाळगायचं कारण नाही; एक मोठा अपवाद आहे, तो पुढे येईलच. औषध मात्र डॉक्टरांच्या नकळत पोटात जाता कामा नये.

आधी मात्रेचं गणित पाहू. चहाच्या पानात कॅटेचिन नावाची द्रव्यं असतात. त्यांतलं सर्वांत जास्त अभ्यासलं गेलेलं द्रव्य म्हणजे एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट, थोडक्यात ईजीसीजी. आपल्या नेहमीच्या काळ्या चहाची पानं आंबवताना त्यातली बरीच कॅटेचिन बदलून जातात. ग्रीन टीत ती टिकतात. एका कपातून साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम ईजीसीजी मिळतं. पान कोणतं, पाणी किती तापलेलं, पुडी किती वेळ बुडवून ठेवली यानुसार हा आकडा हलतो. कॅप्सूलमध्ये पानं नसतात, त्यांचा घट्ट अर्क असतो. चार-सहा कपांचं सत्त्व एका घोटाबरोबर गिळलं जातं. चहा दिवसभरात थोडाथोडा जातो, त्याच्या आगेमागे काहीतरी खाल्लेलं असतं. कॅप्सूल एकदम जाते. आणि ती उपाशीपोटी घेतली तर रक्तातली ईजीसीजीची पातळी जेवणासोबत घेतल्यापेक्षा तिपटीहून जास्त चढते, असं अमेरिकेत २००५ मध्ये निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या अभ्यासात दिसलं. वजन उतरवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या कॅप्सूल नेमक्या ‘सकाळी उपाशीपोटी’ घ्यायला सांगितलं जातं, ते या दृष्टीने वाईटच.

मेयो क्लिनिकची गोष्ट

ग्रीन टी आणि रक्ताचा कर्करोग ही नावं एकत्र कशी आली, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर अगदीच हवेतला नाही. त्यामागे खरं संशोधन आहे. फक्त ते अर्धंच पोहोचतं.

क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, हा बहुतेक करून उतारवयातला, हळू चालणारा रक्ताचा कर्करोग. यात अनेकांना निदानानंतर लगेच औषध सुरू करत नाहीत. दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं, गाठी आणि पाणथरी चाचपून पाहायची आणि गरज पडेल तेव्हाच उपचार. वैद्यकीयदृष्ट्या हे योग्य आहे. पण माणसाच्या दृष्टीने विचार करा. ‘तुम्हाला कर्करोग आहे, सध्या काही करायचं नाही, तीन महिन्यांनी या,’ हे वाक्य ऐकून घरी जाणं किती कठीण! हातावर हात ठेवून बसणं आपल्या स्वभावात नाही, घरच्यांच्या तर नाहीच नाही. अशा रिकाम्या जागेत ग्रीन टीची बाटली अलगद येऊन बसते. मला या रुग्णांचा राग येत नाही. उलट ही जागा रिकामी का राहते, हे दवाखान्यांनी स्वतःला विचारायला हवं. थांबण्यामागचं कारण समजावून सांगायला दहा मिनिटं दिली, तर निम्म्या बाटल्या घरात येणारच नाहीत.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं की प्रयोगशाळेत सीएलएलच्या पेशींवर ईजीसीजी टाकलं की त्या मरतात. बातमी फुटली आणि रुग्णांनी वाट न पाहता स्वतःच कॅप्सूल आणून सुरू केल्या. त्यातल्या काहींचे रिपोर्ट सुधारल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं. अशा चार रुग्णांची नोंद २००६ मध्ये छापून आली. मग टेट शॅनाफेल्ट, नील के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रीतसर चाचण्या घेतल्या. पहिली ३३ रुग्णांवर, २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. दुसरी ४२ रुग्णांवर, २०१३ मध्ये. दुसऱ्या चाचणीत सुमारे ३१ टक्के रुग्णांच्या लिम्फोसाइट पेशी २० टक्के किंवा त्याहून जास्त उतरल्या आणि तशाच राहिल्या. ज्यांच्या गाठी हाताला लागत होत्या, त्यांच्यापैकी ६९ टक्क्यांच्या गाठी निम्म्याने किंवा जास्त आकसल्या.

फॉरवर्ड इथपर्यंत येऊन थांबतो. आता पुढचं.

या चाचणीतली मात्रा दिवसाला दोन वेळा प्रत्येकी २००० मिलिग्रॅम ईजीसीजी, म्हणजे ४००० मिलिग्रॅम होती. कपांत मोजायचं तर रोज ४० ते ८० कप. एवढा ग्रीन टी कुणी पीत नाही. तेव्हा ‘मेयोमध्ये सिद्ध झालंय, म्हणून सकाळ-संध्याकाळ एक कप घ्या’ हा सल्ला मुळातच निराधार आहे. आणि कॅप्सूल म्हणाल, तर चाचणीत बाजारातली नव्हे, ‘पॉलिफेनॉन ई’ नावाची प्रमाणित, प्रत्येक खेपेला सारखीच असणारी वस्तू वापरली होती. रुग्णांचं यकृत सतत तपासलं जात होतं, आणि तरीही यकृताची एन्झाइम्स वाढणं, पोटदुखी, मळमळ, थकवा हे त्रास दिसले. तुलनेसाठी औषध न घेणारा गट नव्हता. सीएलएलमध्ये पेशींचे आकडे आपणहून थोडे खालीवर होतातच. पेशी २० टक्के उतरणं म्हणजे ५०,००० च्या ४०,००० होणं. डॉक्टर ज्याला उपचाराचा प्रतिसाद म्हणतात, त्यासाठी त्या किमान निम्म्या व्हाव्या लागतात. ग्रीन टीमुळे आयुष्य वाढलं किंवा खऱ्या उपचाराची वेळ पुढे गेली, असं कोणत्याही तुलनात्मक चाचणीने सिद्ध झालेलं नाही. मधल्या काळात, २०१४ मध्ये, अमेरिकेत सीएलएलसाठी इब्रुटिनिबला मान्यता मिळाली, मागोमाग व्हेनेटोक्लॅक्स आलं आणि या आजाराचं चित्रच बदललं. आजच्या रुग्णापुढे गरज पडल्यावर घेण्यासाठी चांगली औषधं आहेत. ती सहन करायला यकृत शाबूत असणं जास्त मोलाचं.

जपानमधल्या ओसाकी भागात चाळीस हजारांवर लोकांचा पाठपुरावा झाला होता, त्यात रोज पाच किंवा अधिक कप ग्रीन टी पिणाऱ्यांमध्ये रक्ताचे कर्करोग कमी दिसले. हाही दाखला फिरतो. पण ती निरोगी माणसं होती आणि ती चहा पीत होती. ज्याला आजार झालेला आहे, त्याने कॅप्सूल घ्यावी की नाही, या प्रश्नाशी त्या अभ्यासाचा संबंध नाही.

यकृताचं दुखणं

फ्रान्स आणि स्पेनमध्ये २००३ साली ‘एक्सोलिझ’ नावाचं वजन उतरवण्याचं उत्पादन बाजारातून काढून घेतलं गेलं. त्यात ग्रीन टीचा तीव्र अर्क होता आणि घेणाऱ्यांपैकी काहींच्या यकृताला इजा झाली होती. पुढे मिनेसोटात रजोनिवृत्तीनंतरच्या हजारावर निरोगी स्त्रियांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना वर्षभर रोज ८४३ मिलिग्रॅम ईजीसीजी दिलं, निम्म्यांना दिखाऊ कॅप्सूल. अर्क घेणाऱ्यांपैकी ५.१ टक्के स्त्रियांच्या यकृताच्या तपासण्या लक्षणीय बिघडल्या. दुसऱ्या गटात हे प्रमाण ०.७ टक्के होतं. २०१८ मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने सगळा पुरावा तपासून सांगितलं की पूरक कॅप्सूलमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी घेतल्यास यकृताची एन्झाइम्स वाढतात. शिवाय त्याखालची अमुक मात्रा नक्की सुरक्षित, असं म्हणायलाही त्या संस्थेने नकार दिला. २०२२ मध्ये युरोपीय संघाने कायदाच केला: दिवसाची मात्रा ८०० मिलिग्रॅमच्या आत, आणि वेष्टनावर इशारा की उपाशीपोटी घेऊ नये, गरोदर व स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनी आणि १८ वर्षांखालच्यांनी घेऊ नये.

सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही. बहुतेकांना होत नाही. ज्यांना होतो त्यांच्यातल्या अनेकांमध्ये एचएलए-बी ३५:०१ ही विशिष्ट जनुकीय खूण आढळते, म्हणजे प्रश्न निव्वळ मात्रेचा नाही, शरीराच्या ठेवणीचाही आहे. शेजारच्या जोशीकाकूंना काही झालं नाही, म्हणून आपल्याला होणार नाही, हे गणित इथे लागू पडत नाही.

रक्ताच्या कर्करोगात यकृत आधीच कामाला जुंपलेलं असतं. लहान मुलांच्या ल्युकेमियातली मेथोट्रेक्सेट आणि मर्कॅप्टोप्युरीन, ॲस्परॅजिनेज, सीएमएल या प्रकारच्या ल्युकेमियाच्या रुग्णाची रोजची इमॅटिनिब, बुरशीचा संसर्ग टाळण्यासाठी दिलेलं व्होरिकोनॅझोल, या सगळ्यांचा भार यकृतावर येऊ शकतो. त्यात एसजीपीटी हे यकृताचं एन्झाइम वाढलं, तर डॉक्टरांना ठरवावं लागतं की दोष कोणाचा. घरच्या कॅप्सूलची त्यांना कल्पनाच नसेल तर संशय साहजिकच औषधावर जातो. केमोची तारीख पुढे ढकलली जाते, चालत असलेल्या गोळीची मात्रा कमी होते. म्हणजे यकृताची इजा किरकोळ असली तरी तिची किंमत कर्करोगाच्या उपचारात मोजावी लागते. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्यांत तर यकृतावर परिणाम करणारी इतकी कारणं एकाच वेळी हजर असतात, की त्यांनी यात आणखी एका कारणाची भर घालू नये.

लक्षणं ओळखीचीच आहेत: डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, जेवणावरची वासना जाणं, मळमळ, बरगडीखाली उजवीकडे दुखणं. कॅप्सूल सुरू केल्यानंतर पहिल्या सहा महिन्यांत ती बहुधा दिसतात. अशा वेळी कॅप्सूल त्याच दिवशी बंद करा आणि एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन तपासून घ्या. आपल्याकडे कावीळ म्हटलं की ती ‘उतरवून’ घ्यायला किंवा झाडपाल्याचं औषध आणायला लोक धावतात. कर्करोगाचा उपचार चालू असलेल्या माणसाने तो रस्ता धरूच नये. यकृत आधीच एका अर्काने दुखावलेलं असताना त्यावर दुसरा अर्क कशाला? झाडाचं म्हणजे निर्धोक, हा समज आपल्या मनात फार खोल गेला आहे. कोविडच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं, तेव्हा आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता. तो वाद बाजूला ठेवला तरी एवढं खरं की यकृताला वनस्पती आणि रसायन असा भेद कळत नाही.

मायलोमाच्या रुग्णांसाठी वेगळा नियम

आता तो अपवाद. मल्टिपल मायलोमाच्या बहुतेक रुग्णांना बॉर्टेझोमिब नावाचं इंजेक्शन मिळतं, साधारणपणे पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली, अनेकदा आठवड्यातून एकदा. आपल्याकडे ते वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी येतं, म्हणून फाइलवर मूळ औषधाचं नाव शोधा. या औषधाच्या रेणूत बोरॉन असतं आणि औषधाचं काम त्या टोकावरच चालतं. ईजीसीजी त्याच टोकाला जाऊन चिकटतं. लॉस एंजेलिसमधल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ॲक्सेल शॉन्थाल यांच्या गटाने २००९ मध्ये हे दाखवलं. ग्रीन टीमुळे औषधाचा जोर वाढेल, अशी त्यांची अपेक्षा होती. झालं उलटंच: प्रयोगशाळेतल्या मायलोमाच्या पेशी आणि उंदरांमधल्या गाठी, दोन्हींवर औषध लंगडं पडलं.

पुढच्या एका प्राणी-अभ्यासात नेहमी चहातून मिळते तेवढ्या पातळीला असा अडथळा दिसला नाही, हेही सांगायला हवं. माणसांवर कुणी अशी चाचणी केलेली नाही, करणंही अवघड. कोणत्या रुग्णाला मुद्दाम औषध निकामी करून दाखवायला सांगणार? तेव्हा निर्णय तारतम्याने घ्यायचा. एका पारड्यात महागडं, आयुष्य वाढवणारं इंजेक्शन आहे, दुसऱ्यात एक ऐच्छिक पेय. बॉर्टेझोमिब चालू आहे तोवर ग्रीन टीची कॅप्सूल पूर्ण बंद, माचा, म्हणजे ग्रीन टीच्या पानांची पूड, बंद, आणि चहा म्हणूनही ग्रीन टी सोडून द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. इक्साझोमिब ही कॅप्सूल घेणाऱ्यांनाही हेच लागू, कारण तिच्यातही बोरॉन आहे. कारफिल्झोमिबमध्ये ते नाही, पण यकृताची काळजी तिथेही उरतेच. जाता जाता आणखी एक: व्हिटॅमिन सीच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्याही बॉर्टेझोमिबच्या कामात अडथळा आणू शकतात. जेवणातलं लिंबू, संत्रं याची चिंता नको. चघळायच्या गोळ्यांची डबी मात्र डॉक्टरांना दाखवा.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट शॉन्थाल यांच्या गटानेच दाखवून दिली होती. औषध निष्प्रभ झालं तर त्याचे दुष्परिणामही कमी होतात. पायांची मुंग्या-जळजळ उतरते, थकवा कमी होतो, आणि रुग्णाला वाटतं ग्रीन टीने किती बरं वाटतंय! तो आनंदाने मात्रा वाढवतो. म्हणून ‘घेतल्यापासून छान वाटतं’ हा पुरावा इथे धरता येत नाही.

मग करायचं काय?

तुमच्यापैकी ज्यांना बॉर्टेझोमिब चालू नाही आणि दिवसाला एक-दोन कप ग्रीन टी आवडतो, त्यांनी तो प्यावा. कर्करोगावरचं औषध म्हणून पिऊ नये, एवढंच. जेवणाला लागून पिऊ नका. चहातली द्रव्यं डाळी-पालेभाज्यांतलं लोह शोषू देत नाहीत, तासाभराचं अंतर बरं. (रक्त कमी आहे म्हणून स्वतःहून लोहाच्या गोळ्याही सुरू करू नका. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णात लोह उलट जास्त झालेलं असतं.) डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड घेतल्याच्या रात्री झोप तशीच उडालेली असते, ग्रीन टीतही कॅफिन असतं, तेव्हा त्या दिवशी दुपारनंतर नको. पांढऱ्या पेशी फार उतरलेल्या असताना रात्रभर थंड पाण्यात पानं भिजवून केलेला चहा टाळा, उकळत्या पाण्याचा चालेल. हृदयाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना चहाचंही सांगा. नॅडोलोल या गोळीची रक्तातली पातळी ग्रीन टीमुळे सुमारे ८५ टक्के घटल्याचं जपानमधल्या एका छोट्या अभ्यासात २०१४ मध्ये दिसलं. रक्त गोठू नये म्हणून वॉरफेरिन घेणाऱ्यांनी चहाचं प्रमाण एकाएकी वाढवू नये. माचात पानांची पूडच पोटात जाते, तेव्हा त्याबद्दल तर विशेष सावध राहावं, कारण पानात वॉरफेरिनचा परिणाम कमी करणारं व्हिटॅमिन के असतं.

कॅप्सूलबद्दल माझा सल्ला सरळ आहे. उपचार चालू असताना नको. प्रत्यारोपणाच्या आगेमागे नको. मुलांना कधीच नको. सीएलएल आहे आणि औषध सुरू नाही, अशा रुग्णाला अगदीच मोह आवरत नसेल, तर आधी यकृताची तपासणी, मग डॉक्टरांशी बोलणं, मात्रा लिहून ठेवणं, जेवणासोबतच घेणं आणि महिन्याभरात पुन्हा तपासणी. एवढं करायची तयारी नसेल तर घेऊ नये. आणि एवढं करूनही हाती काय लागेल, याबद्दल मी फारसा आशावादी नाही.

घरातल्या बाटल्या एकदा वाचून काढा. ग्रीन टी असं ठळक नाव नसलं तरी ‘फॅट बर्नर’, ‘डिटॉक्स’, ‘अँटिऑक्सिडंट’ अशा मिश्रणांत अर्क असू शकतो. मागच्या बारीक अक्षरांत कॅमेलिया सायनेन्सिस, कॅटेचिन, पॉलिफेनॉल किंवा ईजीसीजी यांपैकी काही दिसलं तर तो ग्रीन टीच. ‘५०० मिलिग्रॅम अर्क, ५० टक्के ईजीसीजी’ असं लिहिलेलं असेल तर ईजीसीजी २५० मिलिग्रॅम, दिवसाला दोन घेतल्या तर ५००. टक्केवारीच लिहिलेली नसेल तर आत किती आहे हे कळायला मार्ग नाही. अशी बाटली सरळ टाकून द्यावी. आपल्याकडे या वस्तू अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, परवान्यावर अन्न म्हणून विकल्या जातात. वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची ओळ छापावी लागते. दुकानदार कर्करोगावर गुणकारी म्हणून तीच वस्तू देत असेल, तर त्याला ती ओळ मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.

डॉक्टरांशी बोलायचं कसं, हा खरा अडसर. ओपीडीत गर्दी असते, पाच मिनिटं मिळतात, आणि ‘डॉक्टर रागावतील’ या भीतीने लोक गप्प बसतात. सगळ्या बाटल्यांच्या पुढच्या-मागच्या बाजूंचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा. आत गेल्यावर सुरुवातीलाच सांगा: ‘डॉक्टर, मी हेही घेतोय, माझ्या औषधाला आणि लिव्हरला याची अडचण आहे का?’ हे एवढंच वाक्य पुरतं. डॉक्टरांनी न बघताच ‘काही होत नाही’ म्हटलं, तर औषधाचं नाव घेऊन पुन्हा विचारा: ‘बॉर्टेझोमिबबरोबर चालेल?’ रुग्णालयातल्या फार्मासिस्टनाही विचारता येतं. त्यांच्याकडे बहुधा जास्त वेळ असतो. बाटली बंद केली असेल तर तेही सांगा, कधी बंद केली त्या तारखेसह. मागच्या महिन्यातला एसजीपीटी का वाढला होता, याचं उत्तर कदाचित तिथेच मिळेल.

कॅप्सूलमुळे त्रास झाल्याचा संशय आला तर गाझियाबादहून चालणाऱ्या भारतीय औषधसतर्कता कार्यक्रमाकडे त्याची नोंद करता येते. रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः करू शकतात, डॉक्टरांच्या सहीची गरज नाही. त्यांचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे.